काचेच्या टाकीतला समुद्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी मी या दिवशी मागे उभी राहून चहाचे पेले भरते. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव भाषणांच्या यादीत घातले, आणि विचारल्यावर म्हणाल्या, "तुमच्या त्या टाकीची हकीकत सांगा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शास्त्रातले शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्यावे. घडले ते मात्र जसेच्या तसे सांगते, माझी चूक धरून.

आमच्या पुढच्या खोलीत तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी आहे, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण घ्यायचे विसरून तिच्यासमोरच बसतात. ती माझ्या थोरल्याची. २०२० साली टाळेबंदीत घरी बसला असताना त्याने तिचा नाद धरला, आणि पुढे जहाजावर नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून त्याने तिच्यात मऊ प्रवाळ आणून लावले. प्रवाळ म्हटले की आपल्याला मंगळाच्या अंगठीतले पोवळे आठवते. हे तसे नव्हे. ह्यांना दगडासारखा सांगाडा नसतो. एखादे कातड्याच्या टोपीसारखे असते आणि त्या टोपीवर बारीक बारीक फुले उमलतात. त्याला तो लेदर म्हणतो. एखादे चपट्या अळंबीसारखे असते. झेनिया नावाचे एक होते, त्याचे पंजे दिवसभर मिटायचे आणि उघडायचे, तान्हे मूल झोपेत मूठ मिटते तसे. हे सारे प्राणी आहेत, झाडे नव्हेत, पण त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि उजेडावर ते जे अन्न तयार करते त्यावर ह्यांचे बरेचसे पोट भरते.

येथे एक सांगून ठेवते, कारण पाहुणे नेहमी विचारतात. समुद्रातून प्रवाळ काढून आणणे आपल्याकडे गुन्हा आहे. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे वगैरे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या पंक्तीला बसवले आहेत. आमच्याकडचे मऊ प्रवाळ दुसऱ्याच्या टाकीत वाढलेल्याच्या फांद्या कापून लावलेले आहेत, गुलाबाचे कलम लावावे तसे.

जानेवारी २०२३ मध्ये थोरला नऊ महिन्यांसाठी जहाजावर गेला. जाताना माझ्या हातात एक वही दिली. रोज काय, आठवड्याला काय, महिन्याला काय, सगळे लिहिलेले. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत होते : "आई, काही बिघडले तर एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि आठ दिवस थांब." हे वाक्य मी तेव्हा नीट वाचले नाही.

टाकीचे पाणी रोज उडते. मी उरणकडची, मिठागराच्या काठावर वाढलेली. माझ्या वडिलांचा सारा जन्म आगरात गेला. पाणी उन्हाने जाते आणि मीठ मागे राहते, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. म्हणून उडाले तेवढे पाणी गोडे घालायचे, खारे नाही, हे वहीत होते त्याआधीच मला कळले होते. समुद्राच्या पाण्यात किलोला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते प्रमाण टाकीत टिकवायचे असते. गोडे पाणीही नळाचे चालत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि आणखी काय काय असते. ते आरओच्या यंत्रातून आणि त्यापुढच्या एका नळकांड्यातून गाळून अगदी कोरे करून घ्यायचे. कोरे झाले की नाही हे पाहायला पेनासारखे एक यंत्र आहे, ते शून्य दाखवते. मी दर वेळी यंत्राच्या नळीशी ते पेन धरीत असे आणि शून्य पाहून समाधान पावत असे.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या पाण्याचा प्लास्टिकचा कॅन तळाशी चिरला. नवा आणेपर्यंत म्हणून मी ते पाणी दुसऱ्या भांड्यात भरू लागले. नवा आणायचे राहून गेले, आणि त्या भांड्याचा मला पुढे विसरच पडला. तुम्हीही तूर्त ते विसरा.

जूनच्या अखेरीस पाच गोगलगायींपैकी दोन उलट्या पडलेल्या सापडल्या. म्हटले वय झाले असेल. जुलैत कोळंबी गेली. तिने कात टाकली आणि दुसऱ्या दिवशी तीच कातेशेजारी पडलेली होती. नंतर लेदर मिटले. आता लेदर मधूनमधून मिटतेच. अंगावर मेणासारखा पापुद्रा येतो, तो झडून गेला की पुन्हा फुलते. चार दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. असे वहीत होते, म्हणून मी स्वस्थ राहिले. पण तीन आठवडे झाले तरी ते उघडेना, आणि टोपीची कड काळसर पडून गळू लागली. झेनियाची मूठ चालायची थांबली, आणि सात-आठ दिवसांत ते साबणाच्या चिपेसारखे विरघळून नाहीसे झाले.

आणि मासे? दोन नारिंगी क्लाउन आणि एक निळा, तिघेही ठणठणीत. पूर्वी एकाच्या अंगावर पांढरे ठिपके यायचे, ते सुद्धा गेले होते. मला वाटले, चला, एवढे तरी बरे आहे. खरे म्हणजे सगळ्याचे उत्तर तेथेच होते, पण मला ते वाचता आले नाही.

मी वही काढून एकेक पाहू लागले. खारटपणा मोजायचे दुर्बिणीसारखे यंत्र असते. ते नुसत्या कोऱ्या पाण्यावर शून्यावर आणले तर वरच्या आकड्यांना चुकू शकते, म्हणून थोरल्याने ३५ आकड्याची बाटली ठेवली होती तिच्यावर ताडून पाहिले. आकडा एकाने सरकला होता. तेवढ्याने कोणी मरत नाही. पाण्याची उष्णता २७-२८. पाण्याचा अल्कपणा वहीत होता तेवढाच. नायट्रेट आणि फॉस्फेट थोडे थोडे होते, आणि ते थोडे असावेच लागते. पाणी अगदी निर्मळ केले तर मऊ प्रवाळ उपाशी राहून आक्रसतात, हे मला वाचून नवल वाटले होते. लाटा पाडणारा पंप काढून व्हिनेगरमध्ये धुतला, आणि त्याचे लोहचुंबक फुटून गंजले तर नाही हेही पाहिले. दिवा तोच, तास तेच.

मग शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे भांडण असेल म्हणून पाहिले. प्रवाळांना पळता येत नाही, तेव्हा जागेसाठी ते पाण्यात विष सोडतात, आणि त्यात हे लेदर फार तरबेज असते. त्यावर उपाय कोळशाचा. कोळशाची पिशवी घातली, पाणी बदलले आणि अळंब्या लांब सारल्या, हे सगळे एकाच दुपारी. चार-पाच दिवस सारे उघडले. मी देवापुढे साखर ठेवली. सहाव्या दिवशी पुन्हा मिटले. आता त्या तीन गोष्टींपैकी कशाने बरे वाटले होते आणि कशाने पुन्हा बिघडले, हे सांगायला काही साधन उरले नाही. शेवटच्या पानावरचे ते वाक्य तेव्हा मला समजले.

याच सुमारास पाण्यातला दोष सापडेना म्हणून मी घरात शोधू लागले, आणि बोट दाखवायला माणसे सापडली. आमचे हे डासांसाठी फवारा मारीत, तो बंद करवला. ती शंका अगदीच खोटी नव्हती. तसले फवारे कोळंबीच्या जातीला फार वाईट. भांडीवालीला फिनेल बंद. आणि मग सासूबाई. २०२३ साली श्रावण अधिक होता हे तुम्हाला आठवत असेल, १८ जुलैला लागला. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. अधिक मासाचे त्यांचे नेम होते, सकाळ-संध्याकाळ धूप, उदबत्ती, आणि देवघर टाकीपासून चार हातांवर. ज्या दिवशी झेनियाचा शेवटचा तुकडा गेला, त्या दिवशी मी त्यांना म्हटले, "तुमच्या धुरानं पोराची टाकी मारली."

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहते तो समई तेवढी देवघरात, आणि धुपाटणे व उदबत्तीचे घर गॅलरीत. अधिक श्रावण आणि त्यापुढचा निज श्रावण त्यांनी पावसाच्या झडीत, एका हाताने पदर धरून, गॅलरीत धूप घातला. काडी विझायची, पुन्हा पेटवायच्या. मी स्वयंपाकघरातून बघत होते, आणि मनात म्हणत होते की आता तरी टाकी सुधारेल. टाकी सुधारली नाही. पण मी त्यांना धुपाटणे आत घ्या असेही म्हटले नाही. हे येथे सांगायला मला जड जाते आहे.

थोरल्याचा फोन कुठल्यातरी बंदरातून यायचा. "लेदर कसं आहे?" मी म्हणायची, "आहे बरं." फोटो पाठव म्हणाला की अंधार आहे म्हणायचे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गौरी-गणपतीची भांडी काढली. मी चिंच आणि मीठ घेऊन तांब्याची भांडी घासायला बसले, सासूबाई शेजारी समई पुसत होत्या. माझ्या लग्नात माहेराहून आलेला तांब्याचा हंडा मी रिकामा करून आडवा केला. त्यांनी आत डोकावून पाहिले.

"हंडा आतून कळकलाय गं. ताक ठेवलं होतंस का ह्यात?"

"ताक कोण ठेवील तांब्यात! टाकीचं पाणी असतं त्यात."

"मग ते पाणी कळकलं असेल," एवढेच म्हणून त्या पुन्हा समई पुसू लागल्या.

माझा हात जागीच थांबला. हंड्याच्या आत पाण्याच्या रेघेशी हिरवट पट्टा होता. भगिनींनो, कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमसुलाचे सार ठेवू नये, हे आपल्यातल्या कोणाला माहीत नाही? मी स्वतः सुनांना, भाच्यांना सांगत आले. पण ते आंबटाचे. पाणी तांब्यात ठेवणे म्हणजे चांगले, पवित्र, प्रकृतीला हितकर असेच आपण समजतो, आणि पिण्यापुरते ते खोटेही नाही. मे महिन्यात कॅन चिरला तेव्हा प्लास्टिकच्या बादलीपेक्षा हे बरे, पोराच्या जीवांना चांगले पाणी मिळेल, म्हणून मी माझा हंडा काढला होता. आरओचे पाणी पाच पाच दिवस त्यात उभे असे. असे कोरे पाणी भुकेले असते, हवेतला वायू घेऊन किंचित आंबटही होते, आणि ज्या धातूत ठेवाल त्याचे थोडे थोडे आपल्यात घेते. पेन मी यंत्राच्या नळीशी धरीत होते. हंड्यात कधी धरले नाही. आणि धरले असते तरी इतके थोडे तांबे त्या पेनाला समजले नसते.

त्या रात्री सगळे थोरल्याला खरे खरे लिहून कळवले. पुढे पाच-सहा दिवसांनी त्याचा फोन आला. त्याने सांगितले की तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यात जुलाबाचे जंतू मरतात, असे बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केले आहे; आणि त्या पाण्यात जे तांबे उतरते ते माणसाच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटराला दोन मिलिग्रॅमच्या, पुष्कळ खाली असते. माणसाला त्याचे काही नाही. पण ज्याने जंतू मरतात त्याने गोगलगाय, कोळंबी आणि प्रवाळही मरतात. माशांना ते बरेच सोसते. इतके की पांढऱ्या ठिपक्यांवर औषध म्हणून तांबेच देतात, लिटराला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, आणि ते सुद्धा वेगळ्या टाकीत, कारण प्रवाळांच्या टाकीत दिले तर सगळे संपते.

मग मी पाटीवर हिशेब केला. दिवसाला सरासरी अडीच लिटर, शंभर दिवस, म्हणजे अडीचशे लिटर. लिटरात तांबे दशांश एक मिलिग्रॅम जरी धरले तरी पंचवीस मिलिग्रॅम. दगड-वाळू वजा जाता टाकीत पाणी दीडशे लिटर. भागाकार आला सुमारे ०.१७. काही दगडांनी शोषले असेल, काही पाणी बदलताना गेले असेल, तेव्हा हा आकडा तंतोतंत नव्हे. पण मी शंभर दिवस माशांना न कळत औषध दिले होते आणि बाकीच्यांना विष. पाणी उडून जात होते आणि तांबे मागे राहत होते. मिठागराच्या मुलीला मिठाचे समजले, तांब्याचे समजले नाही. पाणी बदलल्यावर चार-पाच दिवस बरे का वाटत होते तेही उलगडले : विष पातळ होत होते, आणि मी हंड्यातून पुन्हा भरीत होते.

मुंबईच्या दुकानातून तांबे तपासायची बाटली मागवली. टाकीच्या पाण्यात रंग इतका फिका आला की आहे म्हणावे की नाही कळेना. ह्या घरगुती परीक्षांना थोडे तांबे दिसत नाही, आणि त्यामुळेच पुष्कळजण फसतात. मग एका हंड्यात मुद्दाम पाच दिवस पाणी ठेवून तेच तपासले. तेथे रंग स्पष्ट आला. म्हणून कोणाच्या टाकीत सगळे आकडे बरोबर असून प्रवाळ आक्रसत असतील, तर टाकीतले पाणी तपासता तसे टाकीत ओतता ते पाणीही तपासा, आणि यंत्रातून निघाल्यापासून टाकीत पडेपर्यंत ते कशाकशाला लागते ते पाहा. पितळेची तोटी आली, तांब्याचा तांब्या आला.

उपाय साधा होता, वेळ मात्र फार लागला. खाण्याच्या वस्तूंसाठी असतो तसला नवा प्लास्टिकचा कॅन आणला. आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलले. एकदम सगळे बदलू नये, त्या धक्क्यानेही जीव जातात. धातू शोषणारी पांढरी गादी मिळते ती घातली, ती चार दिवसांत निळसर झाली. तो निळा रंग मी यांना दाखवला, आणि मग सासूबाईंकडे घेऊन गेले.

काय बोलावे ते सुचेना. मी म्हटले, "धूर नव्हता हो. माझा हंडा होता." त्यांनी गादी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "केवढा रंग उतरलाय." धुपाटणे मीच गॅलरीतून आत आणले, घासले आणि देवघरात ठेवले. त्या संध्याकाळी त्यांनी धूप घातला तेव्हा टाकीकडे पाहून विचारले, "पंखा बंद करू का, म्हणजे धूर तिकडे जाणार नाही?" मला तेथे उभे राहवले नाही.

थोरला ऑक्टोबरात आला. टाकीपुढे बराच वेळ उकिडवा बसला. झेनिया गेलेले, अळंब्या नवांतल्या तीन, लेदरची टोपी अर्धी. मला म्हणाला, "फोनवर बरं आहे का म्हणत होतीस?" एवढेच. मग बाही वर करून कामाला लागला. धारदार पात्याने त्याने टोपीचा सडका भाग कापून टाकला. खोड जिवंत होते. दोन महिन्यांत कापलेल्या कडेला जावळासारखी बारीक फुले आली. गोगलगायी मात्र त्याने वर्षभर आणू दिल्या नाहीत. दगडांनी प्यालेले तांबे हळूहळू परत सुटते म्हणाला.

एक धोक्याची गोष्ट सांगते, कारण घरात मुले असतात. बटणांसारखी रंगीत फुले असतात, झोआ म्हणतात, ती दिसायला सर्वांत गोड. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात अतिशय जहाल विष असते. तसा दगड कधी ब्रशने घासू नये, गरम पाण्याने धुऊ नये, उकळू तर मुळीच नये. त्या वाफेने माणसे इस्पितळात गेलेली आहेत. हात घालायचा तर हातमोजे घालावेत, आणि हाताला जखम असेल तर घालूच नये. आपल्याला उकळून स्वच्छ करायची सवय, म्हणून मुद्दाम सांगितले.

हंडा आता पुन्हा कल्हई करून घेतला आहे. मंडळाच्या तिळगुळाच्या दिवशी त्यात पिण्याचे पाणी होते ते तुम्ही प्यालात.

लेदरच्या कापलेल्या टोपीतले दोन चांगले तुकडे थोरल्याने छोट्या दगडांवर बांधून ठेवले होते, ते आता बोटभर झाले आहेत. कोणाच्या मुलाची टाकी असेल तर त्यातला एक जरूर घेऊन जा. येताना भांडे मात्र प्लास्टिकचे आणा.